सदतीस लाल बाण

माझी थोरली बहीण कारखान्यात चौदा नंबर म्हणून ओळखली जाते. तिला आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव आहे, पण ते हजेरीच्या रजिस्टरात पडून असतं. मी तिला ताई म्हणते, बाकी सगळे चौदा नंबर. नव्या मुली तर ‘चौदा नंबर मावशी’ म्हणतात आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही.

कारखाना पँटी शिवायचा आणि ताई तिथे तपासनीस. एकोणतीस वर्षं एकाच टेबलापाशी उभी आहे. उभीच, कारण त्या टेबलाला खुर्ची देत नाहीत. बसलं की माणसाला डुलकी लागते म्हणे. हा शोध ज्याने लावला तो स्वतः दिवसभर फिरत्या खुर्चीत बसतो आणि दुपारी त्याच्या केबिनमधून घोरण्याचा आवाज येतो, असं ताईनेच मला सांगितलंय.

शिवलेली पँट टेबलावर आली की ताई ती उलटी करते, कमरेची पट्टी ओढून बघते, खिशात मूठ घालते, काजातून अंगठा फिरवते आणि दोन्ही पाय एकावर एक ठेवून लांबी जुळवते. एवढ्याला चाळीस सेकंद. जिथे टाका सुटलाय, धागा लोंबतोय, डाग पडलाय, तिथे ती लाल बाणाचं छोटं स्टिकर लावते. बाण लागला म्हणजे पँट फुकट गेली असं नाही. ती ‘ऑल्टर’ला जाते, तिथल्या बायका दोष दुरुस्त करतात, बाण काढतात आणि पँट पुन्हा ताईकडे येते. दुसऱ्या तपासणीत ठीक निघाली की ताई खिशात कागदाची चिठ्ठी टाकते. चिठ्ठीवर छापलेलं असतं, तपासणी क्रमांक चौदा. पुढे कुठल्या तरी गावात कोणीतरी ती पँट विकत घेतं, खिशात हात घालतं आणि ती चिठ्ठी न वाचता चुरगाळून टाकतं.

पण एका बाईने ती वाचली. माल विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीची ती बाई गेल्या वर्षी कारखाना बघायला आली. तिच्याकडे यादी होती, कुठल्या तपासनिसाचा किती माल परत आला त्याची. चौदापुढे सहा वर्षं सलग शून्य होतं. तिने विचारलं, चौदा नंबर कोण? मॅनेजरला ताईचं नाव आठवेना. शेवटी हजेरीचं रजिस्टर मागवावं लागलं. हा भाग ताई फार रंगवून सांगते.

त्या बाईने ताईला टेबलापाशीच विचारलं की आमच्या देशात नवा कारखाना सुरू होतोय, तपासणीच्या मुलींना शिकवायला याल का. ताई बावन्न वर्षांची. मूलबाळ नाही, जिजाजी जाऊन आठ वर्षं झालेली. दुसरी कुणी असती तर पगार विचारला असता, राहायचं कुठे ते विचारलं असतं. ताईने विचारलं, तिथे टेबलाला खुर्ची असते का. दुभाष्याने विचारून सांगितलं, असते. ताई म्हणाली, मग येते.

कारखान्यात यावर पुष्कळ नाकं मुरडली गेली. या वयात कसली हौस, हातपाय चालेनासे झाल्यावर कोण बघणार, असं बरंच काही. माझ्या नवऱ्यानेही तोंड वेडंवाकडं केलं. मला मात्र मनापासून बरं वाटलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बहिणीला शोधत आलं होतं, आणि शोधून काढलं होतं ते तिच्या कामावरून.

अडलं ते एका कागदाशी. तिकडे राहायचा परवाना हवा तर आरोग्य विमा दाखवावा लागतो. नोकरी देणारे विमा देणार होते, पण वर्ष भरल्यावर. पहिल्या वर्षाचा ज्याचा त्याने आणायचा. परवाना कार्यालयाने बावीस तारीख दिली होती. त्या दिवशी विम्याचा कागद हातात नसेल तर पुढची तारीख सहा महिन्यांनी, आणि नवा कारखाना दोन महिन्यांत सुरू होणार होता. म्हणजे बावीसला कागद नाही तर नोकरी नाही, इतका साधा हिशेब.

माझा धाकटा दीर विम्याची कामं करतो. बोलायला गोड, माणूसही वाईट नाही. परदेशी जाणाऱ्यांना विमा देणाऱ्या एका कंपनीचा फॉर्म घेऊन तो आमच्या घरी आला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि ताईकडे न बघताच भरायला लागला. आधीपासूनचे काही आजार आहेत का, या प्रश्नाखाली अठरा चौकोन होते. त्याने सरसर नाही, नाही, नाही असं लिहीत चार चौकोन संपवले. पाचव्याला ताईने पेनावर हात ठेवला.

ताईला मधुमेह आहे, नऊ वर्षं झाली. थायरॉइडची गोळी ती सकाळी उपाशीपोटी घेते. कापडाचे बारीक तंतू नाकातोंडात जाऊन जाऊन दमाही लागलाय. श्वासातून औषध ओढायचा पंप तिच्या एप्रनच्या खिशात बाणांच्या गुंडाळीशेजारी असतो. हे सगळं दिराला माहीत होतं. तरी तो समजावत राहिला की ताई, सगळेच असं भरतात, कंपनीलाही ठाऊक असतं, खरं लिहिलं तर ते दारातही उभं करणार नाहीत. वर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “वहिनींचाच बघा ना. मीच भरलाय. सहा वर्षांत काही अडलं का?”

मी चहाच्या कपात बघत राहिले. सहा वर्षांपासून मी रक्तदाबाची गोळी घेते आणि माझ्या फॉर्मवर अठराच्या अठरा चौकोनांत नाही लिहिलेलं आहे. ताईला ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिने दिराला फॉर्म मिटून द्यायला सांगितला आणि पिशवीत घातला.

जिजाजींचा विमा असाच एकाने भरला होता. जिजाजी शाळेत शिपाई होते. वर्गात सापडलेला खोडरबरही कार्यालयात जमा करून त्याची नोंद करायला लावणारा माणूस. त्यांनी कोऱ्या फॉर्मवर सही केली होती, चष्मा घरी राहिला म्हणून. त्यांना मधुमेह होता आणि फॉर्मवर नाही होतं. मूत्रपिंडं बिघडून ते इस्पितळात पडले तेव्हा कंपनीचं पत्र आलं, विमाधारकाने माहिती लपवली, सबब दावा नामंजूर. त्या इस्पितळातून त्यांना हलवावं लागलं. दुसऱ्या ठिकाणी खोली नव्हती, व्हरांड्यात खाट मिळाली. ते पत्र त्यांनी व्हरांड्यात वाचलं. मी तिथेच होते, ताईच्या शेजारी. पत्र घडी करून त्यांनी उशीखाली ठेवलं आणि ताईला विचारलं, “मी काय गं लपवलं?”

नवव्या दिवशी ते गेले. पैशांचं व्हायचं ते झालं, ते ताईने निभावलं. पण ‘लपवली’ हा एक शब्द तिच्या मनातून गेला नाही. तिला फॉर्म खरा का भरायचा होता हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरीही मी त्या दिवशी तिची समजूतच घातली, दिराच्या बाजूने. आज ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

ताईने फॉर्म तीन दिवस घेऊन स्वतः भरला. कंपनीने चार ओळींची जागा दिली होती, तिने वर पाच कागद जोडले. आजवर झालेले सगळे आजार, तक्रारी, तपासण्या आणि औषधं लिहा, असं वर छापलं होतं. ताईने सगळे या शब्दाचा अर्थ सगळे असाच घेतला. कामाला लागल्याच्या दुसऱ्या महिन्यात बोटातून आरपार गेलेली सुई. इस्त्रीच्या विभागात उन्हाळ्यात आलेली चक्कर. उभं राहून सुजणारे पाय. चाळिशीचा चष्मा. छातीत दुखलं म्हणून केलेला कार्डिओग्राम, जो अगदी नीट निघाला होता आणि दुखणं पित्ताचं होतं. सहा वर्षांपूर्वी काढलेली स्तनातली गाठ, तीही साधी निघालेली. लहानपणचा गोवर. क्रमांक घालून सदतीस नोंदी. मधुमेह, थायरॉइड आणि दमा त्यात कुठेतरी अकरा, एकोणीस आणि सव्वीस नंबरवर होते.

सात दिवसांनी, सहा तारखेला, नकार आला. शरीराच्या अनेक भागांशी संबंधित एकाहून अधिक आजार असल्याने विमा देता येत नाही. दोन ओळी आणि खाली सहीच्या जागी कंपनीचा शिक्का.

दिराने पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावला. त्याने सांगितलं ते आणखी वाईट होतं. आता दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या फॉर्मवर विचारणार, याआधी कुणी विमा नाकारलाय का. तिथे हो लिहिलं की तेही नाकारणार, आणि ‘नाही’ असं तर ताई लिहिणार नाहीत. मी आधीच सांगितलं होतं, असं त्याने तीन वेळा म्हणून घेतलं आणि हात झटकून गेला. सोळा दिवस उरले होते. मी ताईला वाटेल तसं बोलले. एवढा खरेपणाचा ताठा कुणी मागितला होता तुझ्याकडे, गोवर लिहायला काय झालं होतं, असं तोंडाला येईल ते.

ताई ऐकत नव्हतीच. तिने पाठवलेल्या कागदांची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली होती आणि पँट तपासावी तशी ती वाचत होती, एकेका ओळीवर बोट ठेवून. शेवटी म्हणाली, “माझंच चुकलं.”

मला वाटलं, आली वाटेवर. पण ती म्हणाली, “बाण लावले आणि माल तसाच पॅकिंगला पाठवला. ऑल्टर नाही, दुसरी तपासणी नाही, काही नाही. एकोणतीस वर्षांत असं एका पँटीचं केलं नव्हतं, आणि स्वतःचं केलं. त्यांनी बाण मोजले. मीही मोजलेच असते.”

तिने एप्रनमधून गुंडाळी काढली आणि त्या यादीवर सदतीस लाल बाण लावले. मग पिशवी उचलून दवाखान्यात गेली.

आमचे डॉक्टर पंधरा वर्षांच्या ओळखीचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि सोपा उपाय काढला, त्यांच्या कागदावर प्रकृती उत्तम असं लिहून द्यायचा. ताईने नको म्हटलं. उत्तम कशी, दम्याचा पंप तुम्हीच लिहून दिलात, असं तिने त्यांना तोंडावर सांगितलं. बाहेर वीस पेशंट ताटकळत होते. डॉक्टर वैतागले, पण ताईने यादी त्यांच्यापुढे सरकवली आणि एकेक नोंद विचारायला सुरुवात केली. हे बरं झालं का, कधी झालं, पुन्हा झालं का, आज त्याचं काही औषध आहे का. पुढचे आठ दिवस हेच चाललं होतं. कामावरून सुटली की दवाखाना, नाहीतर रक्ततपासणी, नाहीतर जिथे गाठ काढली त्या इस्पितळाच्या तळघरात जुने कागद शोधणं. तिथला कारकून म्हणाला, सहा वर्षांपूर्वीचं काही मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी ताई स्वतः कपाटं उपसायला उभी राहिली तेव्हा त्याला मिळालं.

पुरावा हातात आला की ती आमच्या टेबलाशी येई, यादीवरचा तो बाण काढी आणि शेजारी तारीख लिही. काढलेले बाण माझ्या टेबलक्लॉथला, चमच्यांना, एकदा तर नवऱ्याच्या चष्म्याच्या घराला चिकटलेले सापडले. चौदा तारखेला यादीवर तीन बाण उरले. मधुमेह, थायरॉइड, दमा. त्या तिघांसाठी डॉक्टरांनी गेल्या तीन वर्षांचे आकडे लिहून दिले होते, साखर किती, पंप महिन्यातून किती वेळा, इस्पितळात दाखल व्हावं लागलं का. दाखल व्हावं लागलं नव्हतं, एकदाही.

पंधरा तारखेला आम्ही विमा कंपनीच्या कार्यालयात गेलो. ताई एकटी गेली तर भांडण करून येईल म्हणून मी सोबत गेले, आणि मीच भांडले. काउंटरवरचा माणूस म्हणाला की तपासणी विभाग वरच्या मजल्यावर आहे आणि तो ग्राहकांना भेटत नाही. मी विचारलं, माणसाला न बघता माणूस नापास करता का. तो म्हणाला, नियम आहे. मी आवाज चढवला, सुरक्षारक्षक उठून आला, आणि तेवढ्यात ताई जाऊन खुर्चीवर बसली. कार्यालय बंद होईपर्यंत ती तिथून हलली नाही. दुसऱ्या दिवशी उघडायच्या वेळी आम्ही पुन्हा हजर.

बसून करायचं काय, तर ताई येणाऱ्याजाणाऱ्यांचे कपडे तपासत होती. काउंटरवाल्याची कॉलर वाकडी बसवलीय, त्या पडद्याला शिलाई एकेरीच आहे, असं माझ्या कानात चाललेलं. दुपारी तिने सुरक्षारक्षकाला बोलावून सांगितलं की तुमच्या पँटीची मधली शिवण आज संध्याकाळपर्यंत दगा देणार, वाकताना जपा. तो आधी बिचकला, मग मागे हात लावून बघितला. तिच्या पिशवीत सुईदोरा असतोच. त्याला बाथरूममध्ये पाठवून, दाराआडून पँट घेऊन, तिने पाच मिनिटांत टाके घालून दिले. नंतर तो आमच्याजवळून जाताना छताकडे बघत म्हणाला की तपासणीच्या बाई चार वाजता चहाच्या मशीनपाशी येतात, जिन्याशेजारी.

चार वाजता आम्ही जिन्याशेजारी उभ्या होतो. बाई खाली आल्या. पस्तिशीच्या असतील, डोळे दिवसभर कागद वाचून लाल झालेले, कपाळावर चष्मा. ताईने नमस्कार करून सांगितलं की मी सदतीस नोंदीवाली. बाईंना आठवलं. त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि म्हणाल्या की असं भेटता येत नाही, आणि नकार आता नोंदीत गेला आहे.

“राहू दे नोंदीत,” ताई म्हणाली. “तो फाडा असं मी म्हणत नाही. माझ्याकडे परत आलेल्या मालासोबत पहिला शेराही येतो. मी पुन्हा तपासते. तेवढंच मागायला आलेय.”

बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. ताईने यादी दाखवली. चौतीस ठिकाणी बाण काढल्याच्या खुणा आणि तारखा, तीन ठिकाणी बाण. तिने आपलं काम काय आहे ते सांगितलं आणि आपली चूक काय झाली तेही सांगितलं. बाई उभ्या उभ्या वाचायला लागल्या. वाचता वाचता त्यांनी विचारलं, “एवढं सगळं लिहिलंतच कशाला? इतकं कुणी लिहीत नाही.”

“माझ्या नवऱ्याचं कुणीतरी कमी लिहिलं होतं,” ताई म्हणाली. “तुमच्यासारख्याच एका कंपनीने त्यांना लबाड ठरवलं. ते पत्र वाचून मग ते गेले. मला नाकारायचं तर नाकारा. मला हे तीन आजार आहेत, त्यांना घाबरत असाल तर तसं लिहा. पण सदतीस आजार आहेत असं लिहू नका, ते खोटं आहे.”

बाईंनी कागद घेतले. आज काही सांगता येणार नाही, म्हणाल्या. जायला वळल्या तेव्हा ताईने त्यांना थांबवलं. “तुमच्या पत्राखाली नुसता शिक्का होता. जो काय निकाल असेल, त्याखाली तुमचा नंबर टाका. मी माझ्या कामाखाली टाकते.”

मला वाटलं, संपलं. एवढं जुळत आलेलं हिने शेवटच्या वाक्यात घालवलं. येताना बसमध्ये मी ताईपासून लांबच्या सीटवर बसले.

सोमवारी, एकोणीस तारखेला पत्र आलं. विमा मंजूर, अटींसह. हप्ता वाढवलेला. मधुमेहातून उद्भवणाऱ्या कशाचाही खर्च पहिलं वर्ष मिळणार नाही, थायरॉइडचा मिळेल, बाकी सगळ्याचा मिळेल. माझा नवरा घरात नाचायचा बाकी होता. मी दिराला फोन करून मुद्दाम ऐकवलं. तो धावत आला, त्याने पत्र वाचलं आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. त्याने बोट ठेवून दाखवलं, पत्रातल्या तक्त्यात श्वसनाचे आजार या चौकोनात त्यांनी ‘नाही’ असं लिहिलं होतं. दमा त्यांच्याकडून राहून गेला होता. तो म्हणाला की ताई, तुम्ही तर काही लपवलं नाही, चूक त्यांची, आता गप्प बसा, दमाही फुकटात विम्यात आला.

ताईने एप्रनच्या खिशात हात घातला तेव्हाच मला कळलं ती काय करणार. तिने पत्र टेबलावर सरळ केलं आणि त्या चौकोनावर लाल बाण लावला.

मग मात्र माझा तोल गेला. बावीसला तीन दिवस राहिलेत, मी ओरडले, कागद हातात आहे, चांगल्या अटींवर आहे, तिकडे खुर्ची तुझी वाट बघतेय आणि तू हा परत पाठवणार. उद्या त्यांनी सगळंच रद्द केलं तर पुन्हा त्याच टेबलाशी उभी राहशील, पाय सुजेपर्यंत. मी रडायलाच लागले होते.

“तिकडे मला दम लागला, दवाखान्यात नेलं,” ताई म्हणाली, “तर ते हा कागद काढतील. कागदावर नाही असेल. मग पत्र कुणाच्या नावाने येईल? त्यात कुठला शब्द असेल ते तुला माहितीय. तो मी एकदा उशीखालून काढलाय. पुन्हा नाही काढणार.”

मंगळवारी सकाळी ताईने पत्र स्वतः नेऊन दिलं, त्या सुरक्षारक्षकाच्या हाती, वर पोचवायला. तो लगेच जिना चढला.

मंगळवार गेला. बुधवारी दुपारपर्यंत काही नाही. ताई कामावर होती, मी तिच्या घरी दाराशी बसून होते, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात तिला शिव्या घालत होते. चारच्या सुमाराला पाकीट आलं. मी फोडलं नाही, ती येईपर्यंत हातात धरून बसले. ताईने येऊन हातपाय धुतले, मधुमेहाची गोळी घेतली, मग फोडलं.

दमा आता कागदावर होता. त्याचा खर्च पहिले सहा महिने मिळणार नव्हता. म्हणजे खरं सांगून ताईच्या पदरात आधीपेक्षा कमी पडलं होतं, आणि ते मी बोलून दाखवलं. ताईने ऐकलंच नाही. ती पत्राच्या तळाशी बघत होती. शिक्क्याखाली निळ्या शाईने, हाताने, एक आकडा लिहिला होता. एकतीस. कित्येक महिन्यांत मी ताईला एवढं मोकळं हसताना बघितलं नव्हतं. हा कागद परत येणार नाही, म्हणाली.

बावीसला परवाना कार्यालयातल्या माणसाने तो कागद दोनदा उलटसुलट केला, आजारांच्या ओळींवर थांबला, ताईकडे बघितलं आणि शिक्का मारला. पाच आठवड्यांनी ती गेली. जाताना कारखान्यातल्या मुली आल्या होत्या, मॅनेजरही आला होता आणि तिचं नाव पाठ करून आला होता. विमानात बसेपर्यंत ती एकटीच काय ती शांत होती. पोचल्यावर तिचा पहिला निरोप आला तो असा की खुर्ची आहे, पण फार बसकी आहे, बदलून मागितलीय.

तिच्या घराची किल्ली माझ्याकडे. झाडाला पाणी घालायला गेले तेव्हा टेबलावर एक पाकीट होतं, वर माझं नाव. आत पत्रबित्र काही नव्हतं. लाल बाणांची एक गुंडाळी होती, अर्धी संपलेली.

मला राग आला. जाता जाता थोरलेपणा दाखवून गेलीच, असं वाटलं. गुंडाळी मी चार दिवस पिशवीत टाकून हिंडले. पाचव्या दिवशी कपाटातून विम्याचा कागद काढला. सहा वर्षांत तो कधी उघडला नव्हता. अठरा चौकोन, अठरा वेळा नाही, दिराच्या वळणदार अक्षरात. खाली सही माझी. सातव्या चौकोनात छापलं होतं, उच्च रक्तदाब. मी औषधाच्या डब्यातून गोळ्यांची पट्टी काढून शेजारी ठेवली. मग माझ्या मनात आलं की मी उद्या कुठे पडले, तर हा कागद घेऊन माझ्या खाटेशी कोण उभं असेल आणि तो मला काय विचारेल.

मी बाण लावला आणि दिराला फोन केला. तो म्हणाला, “वहिनी, आता सांगितलंत तर ते विमा रद्दही करतील. सहा वर्षांचं सगळं पाण्यात.”

“करू देत,” मी म्हटलं. “तुम्ही कोरा फॉर्म घेऊन या. पेन आणू नका. माझ्याकडे आहे.”